निळ्या खडूची फुली

नंदू, काल तुझं तेरावं झालं. आचोळ्याच्या घरात माणूस मावेना. येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता एकच बोलत होता, "झोपेतच गेला, काही कळलंही नसेल, नशीबवान हो." चार जणांचं ऐकून घेतलं. पाचव्याला म्हटलं, "मग तुम्हीही जा तसेच." वैशालीने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि पाण्याचा ग्लास हातात दिला. तुझी बायको मला सावरते आहे, बघ. खरं तर उलटं व्हायला हवं होतं. पण मला रडूच येत नाही रे. राग येतो. दात घासताना येतो, भाजी निवडताना येतो, आणि सगळ्यात जास्त तुझाच येतो.

एकेचाळीस हे काय जायचं वय आहे? आणि जायचं कशाने, तर तंबूने. दरड कोसळली असती, जीप दरीत गेली असती, तर मी देवाशी भांडले असते. तू हिमाचलातल्या त्या कॅम्पवर आपलाच नवा तंबू उभा केलास, थंडी वाजते म्हणून आत कोळशाची सिगडी घेतलीस, दाराची चेन लावलीस आणि झोपलास. निखाऱ्यांचा वायू आत साठला. त्याला ना वास असतो ना रंग, असं तिथल्या डॉक्टरांनी वैशालीला फोनवर समजावून सांगितलं. तो वायू वरून निघून जायला एक वाट होती. ती वाट झाकणाने बंद होती. आणि ते झाकण मी शिवलं होतं. आता सांग, मी भांडू कोणाशी?

दुसऱ्या कोणाच्या घरात हे झालं असतं तर अज्ञान म्हणून सोडून दिलं असतं. आपल्याला अज्ञानाची सोय नव्हती. आपण मंडपवाल्याची मुलं. वाडीतली केळी आणि पानवेली काका बघायचे, बाबांनी मंडपाचा धंदा धरला. वसईगावात लग्न हिंदूंचं असो की ख्रिस्ती घरातलं, बांबू आणि कापड आपलंच असायचं. स्वयंपाकाच्या मंडपाला बाबा नाक ठेवायचे. छताच्या मधोमध हातभर भोक आणि त्याच्यावर वीतभर उचलून धरलेला कापडाचा टोप. पाऊस आत यायचा नाही, चुलीचा धूर बाहेर जायचा. मंडप उभा राहिला की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "नाक काढलं का?"

ते पापडीचं लग्न आठवतं तुला? तळणीच्या कढईत थेंब पडतात म्हणून वधूच्या काकांनी नाकावर नवी कोरी ताडपत्री घट्ट बांधून टाकली होती. आत बायकांच्या डोळ्यांतून धारा, आचारी खोकून खोकून बेजार. बाबांनी कोणाला काही विचारलं नाही. शिडी लावली, माझ्याकडून कात्री मागितली आणि ताडपत्री सरळ फाडली. खाली काका शिव्या देतायत, आणि बाबा वरून शांतपणे म्हणतात, "ताडपत्री परत आणता येईल." आपण दोघांनी शिडी धरली होती, नंदू. तू डावीकडे, मी उजवीकडे. हे सगळं तू बघितलं होतंस.

बाबांचा दुसरा नियम तुला जास्त आवडायचा. पहिली झोप आपली. मंडप गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या आधी ते त्याच्याखाली एकदा झोपून बघायचे, दुपारी तासभर का होईना. कुठे फडफडतं, कुठे गळतं, ऊन कुठून येतं, ते पडल्यापडल्या कळतं म्हणायचे. आई म्हणायची, आळसाला यांनी बरं नाव शोधलंय.

बाबा गेले, लोखंडी पाइपवाले आले आणि आपले बांबू वाडीत कुजत पडले. मग एक दिवस तू मोबाईल नाचवत आलास. "ताई, हे बघ. ग्लॅम्पिंग!" वाळवंटातला पांढरा तंबू, आत नक्षीचा पलंग, गालिचा, छताला झुंबर, मागे कमोड. मी म्हटलं, "हे कसलं खूळ? घरदार सोडून तंबूत जायचं आणि अख्खं घर तंबूत न्यायचं?" तू म्हणालास, "लोकांना तारे पण पायजेत आणि गिझर पण. आपल्याला काय करायचंय, आपण शिवायचं." सातिवलीला गाळा घेतलास. तीन मशिनी, मी आणि रामधनी. रामधनीने आयुष्यभर बॅगा शिवलेल्या. तंबू बघून तो म्हणाला, "दीदी, इतना बडा बॅग?" आपण किती हसलो होतो.

बाबांची पहिली झोप तू तंबूंनाही लावलीस, ह्याचं मला खरंच कौतुक होतं. कधी तोंडावर बोलले नाही, आता बोलते. ऑर्डर कितीही घाईची असो, नमुन्याचा एक तंबू घेऊन तू आधी एकटा जायचास, जिथे तो लागणार तिथेच उभा करायचास आणि त्यात झोपायचास. खिशात माझा निळा खडू. जिथे काही चुकलंय तिथे आतून खूण करायचास. गोल म्हणजे इथे ढिलं आहे, बघ. फुली म्हणजे उसव. सकाळी उठल्यावर पहिला फोन मला. जैसलमेरच्या पुढच्या त्या कॅम्पवरून आलेला तुझा पहिला फोन अजून कानात आहे, "ताई, दातांत वाळू कचकच करतेय. खालची पट्टी वीतभर वाढव." नमुना परत यायचा, मी तुझ्या खुणा शोधायचे, दुरुस्ती करून त्यांच्या शेजारी बरोबरची खूण करायचे. मगच बाकीचे तंबू शिवायला घ्यायचे. आपल्या कुठल्याही तंबूबद्दल कधी कोणाची तक्रार आली नाही, त्याचं कारण हे होतं. तू आधीच सगळ्या तक्रारी करून झालेला असायचास.

आणि फुकटची मजाही करून घ्यायचास, लबाडा. वाळूच्या टेकड्यांवर जीप उडवतात, त्यात बसलास आणि ड्रायव्हरच्या टोपीत ओकलास. उंटावर बसताना तो मागून उठतो हे कोणी सांगितलं नाही म्हणून त्याच्या मानेवरून पुढे आलास. डोंगरातल्या कॅम्पवर दोराला लटकून नदी पार करायची असते, तिथे ऐन मधोमध अडकलास आणि खाली पाणी घोंघावत असताना मला व्हिडिओ कॉल केलास. "ताई, मी इथे काय करतोय?" तुला आपल्या इमारतीच्या गच्चीवरून खाली बघितलं तरी गरगरायचं! तुझं ते घाबरलेलं तोंड आणि मागे बर्फाचा पांढराशुभ्र डोंगर. डोंगर मी तेवढाच बघितला. नेटवर्क गेलं.

इतके तंबू शिवले, एकाही तंबूत मी कधी झोपले नाही. तू प्रत्येक वेळी म्हणायचास, "ह्या खेपेला चल." मी प्रत्येक वेळी म्हणायचे, "गाळा कोण बघणार?" जणू मी हलले असते तर सातिवलीचा गाळा कोणी उचलून नेला असता. हा राग माझा माझ्यावर. तुझ्या हिशेबात धरू नकोस.

आता ह्या ऑर्डरचं बोलते. दहा तंबू, उंचावरचा कॅम्प, थंडीच्या सीझनसाठी. जाड कॅनव्हास, आतून लोकरीचं अस्तर. नाक अर्थातच ठेवलं होतं. मालकाने फोटो बघितले आणि फोन केला, वरच्या भोकातून थंडी येणार, ते बंद करा. तू गाळ्यात येऊन म्हणालास, "ताई, नाकाला झाकण शिवायचं. वेल्क्रोवालं. पाहिजे तेव्हा उघडायचं."

"थंडीत कोण उघडेल?" मी विचारलं.

"ते उघडतील. सूचना लिहून लावू."

"दारू पिऊन आलेला माणूस सूचना वाचतो?"

"ताई, तू प्रत्येक गोष्टीत बाबांना आणू नकोस."

मी बाबांचं नावही काढलं नव्हतं. तूच काढलंस. म्हणजे तुझ्या डोक्यात ते होतेच. मी म्हटलं, हे लोक आत सिगड्या नेतील. तू म्हणालास, हीटर आहेत तिथे, वीज आहे, सिगडी कोण नेणार, तू सातिवलीत बसून डोंगराचं काय सांगतेस, तू कधी गेलीस का वर. ते वाक्य मला लागलं, नंदू. तुलाही कळलं की ते लागलं. तरी तू परत घेतलं नाहीस. रामधनी मान खाली घालून एकाच शिवणीवरून तीनदा मशीन फिरवत होता.

आठवडाभर आपण बोललो नाही. चहा आला की तू तुझा कप उचलायचास, मी माझा. मग एका दुपारी मी नमुन्याचा तंबू ओढला आणि झाकण शिवायला बसले. तुझं पटलं म्हणून नाही. घे एकदाचं, म्हणून. आणि माझं मेलीचं नशीब बघ. मला रागातसुद्धा वाईट शिवता येत नाही. एक कड दुहेरी शिवणीने छताला जोडली. कडेला रबराची पट्टी लावली. वेल्क्रो उरलेल्या तिन्ही बाजूंनी असं बसवलं की रामधनीने हात लावून बघितला आणि म्हणाला, "दीदी, इसमें से तो चिंटी का साँस भी नहीं जाएगा." मला बरं वाटलं ते ऐकून. काम चांगलं झाल्याचं बरं वाटलं! एक टाका चुकला असता, एक कोपरा उघडा राहिला असता, तर आज तू गाळ्याच्या दारात उभा राहून मला दोष दाखवत असतास.

निघालास त्या दिवशी दारातून "येतो" म्हणालास. मी मशीन थांबवली नाही. तू क्षणभर थांबलास, हे मला पाठमोरीलाही कळलं होतं. पाय मशीनवरून उचलायला किती वेळ लागला असता?

दुसऱ्या दिवशी तू पोचल्याचं वैशालीने सांगितलं, तंबू उभा केल्याचंही सांगितलं. त्याच्या दुसऱ्या सकाळी तुझा फोन आला नाही. आठ वाजले, नऊ वाजले. मी काय विचार केला माहीत आहे? हा अजून फुगलाय. झाकण मस्त बसलंय, ताईला उगाच मोठेपणा द्यायला नको, म्हणून फोन करत नाही. मग मी पण फुगले. मोबाईल मशीनच्या खणात टाकला आणि खण लावला. एक वाजता वैशालीचा फोन रामधनीच्या मोबाईलवर आला. मी खण उघडला तेव्हा तिचे अकरा कॉल येऊन गेले होते.

कॅम्पचा मालक म्हणतो, सिगडी त्यांनी स्वतःच मागितली. हीटर अजून जोडायचे होते, त्यात आमचा काय दोष? खरं असेल. तुझी थंडी मला माहीत आहे. डिसेंबरात आचोळ्यात तुला दोन चादरी लागायच्या. पण मागितली म्हणून बंद तंबूत कोळसा देणाऱ्याला काही अक्कल? आणि घेणाऱ्याला? जन्मभर नाक काढलं का, नाक काढलं का ऐकलेल्या माणसाला? तुझं शव विमानाने आलं आणि तंबू ट्रान्सपोर्टने. मालकाने तो व्यवस्थित घडी करून पाठवला, चेन तेवढी तोडलेली. सामान परत मिळाल्याची सही पाहिजे म्हणून त्याच्या माणसाने मला दोनदा मेसेज केले.

रामधनीने ते गाठोडं माझ्या नजरेआड, माळ्यावर टाकलं होतं. आज सकाळी गाळा उघडल्याबरोबर मी ते खाली काढायला लावलं. तो नको म्हणत होता. "दीदी, अभी रहने दो ना." मी ऐकलं नाही. आम्ही दोघांनी दोर बांधून तंबू छताला टांगला आणि मी आत शिरले. कोळशाचा वास नव्हता, तुझाही नव्हता. फक्त नव्या कॅनव्हासचा होता. मी सवयीने खुणा शोधायला लागले. खाली डाव्या कोपऱ्यात एक गोल. बरोबर आहे, तिथे अस्तर ढिलं होतं. खिडकीपाशी दुसरा गोल. मग मी स्टुलावर चढले आणि वर बघितलं.

झाकणावर फुली होती.

एवढी मोठी फुली तू आजवर कधी मारली नव्हतीस. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा गिरवलेली. खडू एका ठिकाणी तुटलेला दिसतो, तरी तू पुढे ओढत नेलीय. फुली म्हणजे उसव. मी स्टुलावर उभी राहून किती वेळ बघत होते, माहीत नाही. रामधनी बाहेरून विचारत होता, "दीदी, क्या हुआ?" मी सांगितलं, "नंदूला पटलं."

म्हणजे तुला पटलं होतं. तिथे आडवं पडल्यावर, वर बघितल्यावर, बाबा आठवले असतील, पापडीची ताडपत्री आठवली असेल, नाहीतर नुसतं डोकं जड झालं असेल. तू उठलास, खडू काढलास, हात वर करून फुली मारलीस. अरे, हात तिथपर्यंत पोचला होता ना तुझा? त्याच हाताने ते झाकण टरकन ओढायचं होतं. एका बोटाचं काम होतं. खूण करायची बुद्धी झाली आणि उघडायची झाली नाही? की थंडी वाजत होती, म्हणून म्हणालास, आजच्यापुरतं राहू दे, दोष तर लिहून झालाय, उद्या ताई उसवेल? आपण सगळं आयुष्य असंच केलं. तू खूण करायचीस, मी दुरुस्त करायचं. त्या सवयीने तुला मारलं, नंदू. मला तुझं थोबाड फोडावंसं वाटतंय, आणि तुझ्या त्या हाताची पापीही घ्यावीशी वाटतेय. दोन्ही आता होणार नाही.

दुपारी कॅम्पच्या मालकाचा फोन आला. आधी दुःख व्यक्त केलं, मग उरलेल्या नऊ तंबूंचं विचारलं. सीझन तोंडावर आहे, झाकण तेवढं लावून पाठवा. मी म्हटलं, "झाकन नहीं लगेगा. और कोयला अंदर जाएगा तो तंबू भी नहीं मिलेगा." तो म्हणाला, "मॅडम, गेस्ट लोग ठंड का रिव्ह्यू डालते हैं." मी म्हटलं, "मेरे भाई ने भी रिव्ह्यू डाला है. नीले चॉक से. फोटो भेजूं?" फोन त्यानेच ठेवला. ऑर्डर गेली तर गेली. तू असतास तर आधी मला ओरडला असतास आणि मग जिन्यात जाऊन हसला असतास.

त्यानंतर ब्लेड घेऊन बसले. माझी शिवण उसवायला मलाच दोन तास लागले. झाकण सुटून मांडीवर पडलं, त्याच्यावर तुझी फुली होती. मी निळा खडू घेतला आणि तिच्या शेजारी बरोबरची खूण केली. वैशालीला विचारलं, झाकण तुला हवं का. ती म्हणाली, "तुमच्यापाशीच ठेवा, ताई. ते तुम्हालाच लिहिलंय."

ते मलाच लिहिलं होतं, तर मला सांगायचं होतंस ना. रेंज होती तिथे. त्याच रात्री तू वैशालीला साडेनऊला मेसेज केला होतास, जेवलो म्हणून. खडू खिशात ठेवून मोबाईल काढायचा होतास. मला कळतंय तू काय विचार केला असशील ते. आता ताईला कशाला उठवायचं, आधीच चिडलीय, सकाळी सांगू. अरे वेड्या, मी जागी होते. तुझ्याशी भांडण झालं की मला झोप लागत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत होतं.